तोंडात टाचण्या

ता. ३ एप्रिल

ती. स्व. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

नमस्कार पोचला असं समज आणि आधी खुर्चीत नीट टेकून बस, कारण बातमीच तशी आहे. लेक येते आहे! आणि एकटी नाही, भिंगरीला घेऊन! नात पाच वर्षांची झाली आणि मी तिला अजून फोनच्या काचेतूनच बघते आहे. पुढच्या महिन्यात दोघी माझ्या दारात उभ्या असतील. जावईबापूंना रजा नाही. ते तिकडेच राहणार.

आता खरी गोष्ट. लेकीला इकडे कंपनीचं काम आहे. दोन दिवस ती माझ्याकडे राहील, मग आठवडाभर दुसऱ्या शहरात जाईल. तेवढे दिवस भिंगरी माझ्या ताब्यात. लेकीने मला स्पष्ट सांगितलं आहे की पोरगी रमली तर दरवर्षी सुट्टीत इकडे पाठवीन, पण तोंड मिटून कोपऱ्यात बसली तर पुढच्या वेळी तिला एवढं लांब ओढत आणणार नाही, तिकडची आजी आहेच. मला राग आला, पण तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. भिंगरी शाळेत जायला लागल्यापासून मराठी विसरली. आता घरात सगळं जपानी. तिला माझं कळत नाही, मला तिचं कळत नाही.

पण माझा भाऊ कोण आहे? उभा जन्म कारखान्यात जपानी इंजिनियरांच्या मागे दुभाष्या म्हणून हिंडलेला! तर दादा, मला शिकव. पत्रानेच शिकव. फोनवर नको. तुझं ते कानातलं यंत्र तू खणात ठेवून दिलं आहेस, मग मी इथून ओरडते आणि तू सोडून शेजारचा घड्याळजीच मला उत्तर देतो.

कळावे. लोभ आहेच, तो धड्यांच्या रूपाने लवकर पाठवावास.
तुझी,
धाकटी

*

ता. ९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. नाचायचंच बाकी होतं, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.

महिन्याभरात अख्खी भाषा येत नसते, तेव्हा हट्ट करू नकोस. मी तुला दोनच गोष्टी देतो. पहिली, दारात म्हणायचं स्वागताचं वाक्य. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: ओसेवा नि नात्ते ओरिमासु. हे म्हणताना कमरेत वाकायचं. आयुष्यभर मी ह्या वाक्यावर माणसं जिंकली आहेत.

दुसरी गोष्ट अगदी इवलीशी, पण माझ्या मते तिथेच सगळा जीव आहे. 'ने'. वाक्याच्या शेवटी येतो. आपण 'गरम होतंय ना' म्हणतो, त्यातला तो 'ना'. तिकडे म्हणतील, 'आत्सुई देसु ने'. नुसतं 'गरम होतंय' म्हटलं तर आपण खबर दिली. 'ने' लावला की ती गोष्ट आपण दोघांच्या मध्ये ठेवली, अर्धी तुझी, अर्धी माझी. म्हणून नियम एकच: जे दोघांनाही दिसतं, जाणवतं, त्यालाच 'ने' लावायचा. तुझं नाव विचारलं आणि तू 'धाकटी ना' म्हणालीस, तर समोरचा म्हणेल, मला काय विचारता? कधी त्याचा 'ना' होतो, कधी 'हो ना', कधी नुसता 'हं'. कुठे कुठला, ते माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

आणि जपून. आमचे मोठे जपानी साहेब एकदा 'सोऽ देसु नेऽऽ' असं लांबवून म्हणाले. आमच्या मालकांना वाटलं, सौदा पक्का, आणि त्यांनी लगेच सगळ्यांना चहा मागवला. तो नकार होता. चहा मात्र सगळ्यांनी प्यायला.

सराव कर. चुकलीस तरी कळव, म्हणजे मला हसायला मिळेल.
तुझा,
दादा

*

ता. १२ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि. (नमस्कार आज जरा रागातच आहे.)

महिनाभर सराव केला. दुकानात कपडे शिवायला येणाऱ्या गिऱ्हाइकांवर केला. एकीला म्हटलं, बाही घट्ट झाली, ने? माझे दात दुखताहेत असं वाटून तिने दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरचा पत्ता आणून दिला. घड्याळजीला रोज सकाळी 'ऊन चढलं, ने' म्हणायची, तर आता तोच मला आधी म्हणतो. दुकानाची बोळ अर्धी जपानी झाली आहे.

आणि काल त्या आल्या. दार उघडलं. भिंगरी समोर! दादा, काय सांगू, फोनच्या काचेत मावत नव्हतं एवढं हसू आणि कपाळावर तो आपल्या आईसारखा भोवरा. मी कमरेत वाकले आणि तुझं वाक्य खणखणीत म्हटलं, एकही अक्षर न चुकता.

पोरगी आईच्या मागे लपली. लेकीला असं हसू फुटलं की बॅगेवरच बसली. भिंगरीने आईच्या कानात काहीतरी विचारलं. लेकीने मला सांगितलं ते ऐक: आजी बँकेत कामाला आहे का? अरे, ते वाक्य म्हणे कंपन्या एकमेकींना म्हणतात, आपल्यावर असाच लोभ ठेवा, धंदा चालू द्या, अशा अर्थाचं! पाच वर्षांच्या नातीचं मी कारखान्याचं शिष्टमंडळ आल्यासारखं स्वागत केलं, दादा. कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हापासून भिंगरी माझ्याकडे लांबूनच बघते. आपल्याकडून कागदपत्रं मागतील अशी तिला धास्ती असावी. लेक उद्या जाते आहे. मला रात्रभर झोप नाही. आता काय करू ते उलट टपाली लिही.

लोभ असावा, पण धंद्याचा नसावा.
धाकटी

*

ता. १५ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ. आणि माफी.

हसू आवरत नाही आणि वाईटही वाटतं. बरोबर आहे गं. माझी जपानी बॉयलर, करार आणि बैठका ह्यांच्यात वाढली. लहान मूल तिथे आलंच कधी? त्या वाक्याला गाठोड्यात बांधून ठेव.

फक्त 'ने' धर. तिच्या मागे लागू नकोस, प्रश्न विचारू नकोस. तुझं काम करत राहा. दोघींना दिसेल असं काहीतरी मध्ये येईल. आलं की 'ने' म्हण आणि थांब.

देवापुढे बसावं तर माझ्या घरात देव्हारा नाही, म्हणून नुसत्या येरझाऱ्या घालतो आहे. लगेच कळव.
दादा

*

ता. १६ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि., आणि हा नमस्कार उड्या मारत येतो आहे!

बोलली! दादा, भिंगरी बोलली! तुझं पत्र यायच्या आधीच बोलली, पण नियम तुझाच होता, म्हणून मान तुला.

लेक गेल्यावर पोरगी माझ्याबरोबर दुकानात यायची आणि बेतायच्या टेबलाखाली बसायची. बटणांचा डबा तिला दिला होता. तोंडाला कुलूप. जेवायची, झोपायची, पण शब्द नाही. काल दुपारी मुख्याध्यापिका बाई कोटाचं माप बघायला आल्या. त्या किती कडक आहेत ते तुला ठाऊक आहे, शिवण अर्धं बोट सरकली तर दाखला अडवतील. मी गुडघ्यांवर बसून कोटाचा घेर टाचत होते, आणि नेहमीप्रमाणे तोंडात टाचण्या. ओठ मिटलेले, सात-आठ टोकं बाहेर.

तेवढ्यात टेबलाखालून एक हात आला. हातात निळं बटण. आणि आवाज आला, 'किरेई.' म्हणजे सुंदर, एवढं मला येत होतं. दादा, माझ्याकडे उत्तरासाठी लेकीने जाताना शिकवलेली तीन लांबलचक वाक्यं पाठ होती. पण तोंडात टाचण्या! एकही म्हणता येईना. मिटल्या ओठांतून कसाबसा 'न्ने' एवढाच निघाला.

ती बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघितलं. दुसरं बटण काढलं, 'ओकीई.' मोठं. मी 'न्ने.' मग तिसरं. मग चौथं, आणि त्या चौथ्याच्या शेवटी तिने स्वतःच 'ने' लावला आणि माझ्याकडे बघत थांबली! मग जी सुरू झाली ती थांबेचना. डबाभर बटणं, प्रत्येकाची काहीतरी गोष्ट. मला त्यातलं चार आणेही कळलं नाही, पण बटण दोघींना दिसत होतं. बाई टाचलेल्या कोटात हात पसरून पुतळ्यासारख्या उभ्या. त्यांनाही हलायचं धाडस झालं नाही.

बाई गेल्यावरही मी टाचण्या तोंडातून काढल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत तशीच बसले. काढल्या आणि माझ्या तोंडून पुन्हा बँक बोलायला लागली तर, ही भीती! घड्याळजी दिवा लावायला आला आणि विचारू लागला, गिळल्यात की काय?

आनंदाने वेडी झाले आहे, म्हणून अक्षर असं. लोभ कर, अक्षराकडे बघू नकोस.
धाकटी

*

ता. २१ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण सांगितल्याशिवाय जेवण जायचं नाही.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं मुसळ केरात जायची वेळ आली. झालं असं. त्या बोलण्याच्या भरात भिंगरीने डब्यातून एक मोठं लालभडक बटण काढून बाईंच्या काळ्या कोटावर ठेवलं होतं आणि म्हणाली होती, 'कोरे गा ई ने.' मला त्यातलं 'कोरे' म्हणजे 'हे' आणि शेवटचा 'ने' एवढंच कळलं. मी आपलं नेहमीसारखं 'न्ने' म्हणून मोकळी झाले. ती म्हणाली होती, हे चांगलं दिसेल, ने. म्हणजे आमचं दोघींचं ठरलं होतं! आणि मी कोटाला ठरल्याप्रमाणे पाच काळी बटणं लावून ठेवली.

तिने कोट बघितला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. बटणाचा डबा बंद करून माझ्यासमोर ठेवला आणि टेबलाखाली गेली. पुन्हा कुलूप. रात्री फोनवर लेकीने अर्थ सांगितला तेव्हा कळलं, मी न समजता हो ला हो केलं आणि मग शब्द फिरवला. लेक परवा परत येणार, आणि पोरगी अशी!

सकाळी बाई कोट न्यायला आल्या. मी सगळं सांगितलं. म्हटलं, एक बटण बदलते, फक्त एक. बाई म्हणाल्या, माझ्या शाळेत मुलींच्या रिबिनीला लाल रंग चालत नाही आणि मी स्वतः लाल बटण लावून जाऊ? त्यांचं बरोबरच होतं. मग त्या वाकल्या. त्या बाई, दादा, टेबलाखाली वाकल्या! भिंगरीकडे बघितलं, बराच वेळ. उठल्या आणि म्हणाल्या, मधलं लावा. कोणी विचारलंच तर सांगेन की परदेशी शिंप्याने सुचवलं.

मी मधलं काळं बटण उसवलं. भिंगरीला हाक मारली, हातात लाल बटण दिलं. ती बटण धरून, मी सुई धरून, असं आम्ही ते लावलं. दोरा तिने ओढला. मी टाचण्या न घेता, मोकळ्या तोंडाने विचारलं, 'ई, ने?' ती माझ्या मांडीवर बसली आणि म्हणाली, 'ई ने!' बाईंनी कोट तिथेच चढवला आणि तशाच भर रस्त्यातून शाळेत गेल्या.

दुसऱ्या दिवशी लेक आली, तेव्हा दार भिंगरीने उघडलं. कमरेत वाकली आणि आईला म्हणाली, ओसेवा नि नात्ते ओरिमासु! तुझं वाक्य, दादा! तिने उचललं कधी, देव जाणे. आम्ही तिघी फरशीवर बसून हसलो. घड्याळजी धावत आला, त्यालाही तिने वाकून तेच ऐकवलं.

आज त्या गेल्या. गाडी दाराशी उभी होती. लेक मला सांगायला लागली, आई, पुढच्या वर्षीचं मी ठरवते आणि… तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच भिंगरी गाडीतून उतरली, माझ्यापर्यंत परत आली, माझ्या पदराला हात लावला आणि म्हणाली, 'आजीचान, माता कुरु ने.' लेकीचे डोळे भरले. तिने मला अर्थ सांगायला तोंड उघडलं, मी तिला थांबवलं.

मला कळलं आहे, दादा. पण मला तो अर्थ तुझ्या अक्षरात हवा आहे. कपाटाच्या दारावर लावायचा आहे. पाठव.

आज लोभ मागत नाही. आज माझ्याकडेच भरपूर आहे, तुला देते.
धाकटी

*

ता. २४ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं पुढ्यात आहेत. मोठ्याने वाचली, स्वतःला ऐकू यावीत म्हणून. आली. खणातलं यंत्र काढून कानात घातलं आहे. पहिल्यांदा एवढी किंचाळी ऐकू आली की दचकलो, ती आमची चहाची किटली निघाली. अठरा वर्षं ती अशी ओरडते आहे आणि मला पत्ता नाही.

तुला कधी सांगितलं नाही. माझं काम सुटलं ते कानामुळे, आणि कान गेले तेही शेवटाकडून. वाक्याचा पुढचा भाग ऐकू यायचा, शेपूट हरवायचं. 'ने' ऐकू येईनासा झाला. मग समोरचा खबर देतो आहे की मला बरोबर घेतो आहे, ते कळेना, आणि मी बैठकीत जाणंच सोडलं. यंत्र आलं तोवर ऐकण्यासारखं कोणी उरलं नाही असं मला वाटत होतं. आता उरलं आहे. पुढच्या वर्षी पोरगी येईल, त्याच्या आधी दोन दिवस मी तुझ्या दारात असेन. ती मला वाकून कंपनीचा नमस्कार करेल, मी तिला करेन, आणि तू टाचण्या तोंडात धरून हसू दाबत बस.

आता तुझं काम. 'चान' हे लाडाचं शेपूट. 'माता' म्हणजे पुन्हा. 'कुरु' म्हणजे येणं. 'ने' तुला माहीत आहे. शब्दशः लिहिलं तर 'पुन्हा येईन ना' असं काहीतरी होतं, पण तसं आपल्या घरात कोणी म्हणत नाही. आपली आई दारातून निघताना मागे वळून जे म्हणायची, आणि तू सासरी गेलीस तेव्हा पायरीवरून मला जे म्हणालीस, तेच ते. कपाटावर एवढंच लाव:

येते हं.

तुझा,
दादा