घुबडावरची टिकली

मेहरूण, जळगाव
दि. ४ जानेवारी २०२५

ती. नवलभाऊंस,
दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोन मुद्दाम केला नाही. तुम्हाला लावायला म्हणून हातात घेते आणि वीस मिनिटांनी कुणाच्या तरी मांजराचं बारसं बघून खाली ठेवते.

मुख्याध्यापिका होण्यासाठीच्या ऑनलाइन चाचणीत मी पहिल्या खेपेला नापास झाले. संधी तीनच. पडद्याच्या कोपऱ्यात चष्मेवालं घुबड आहे, ते सारखं पंख हलवतं. प्रश्न वाचावा तर नजर घुबडावर. तिथून सुटली की मनात दुसरंच सुरू: गॅस बंद केला का, लेकीची, मोनालीची, बस पोचली का, शेजारच्या कुंदाबाई काल हसल्या का नाहीत. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचं मन एवढं उंडगं कसं? मोठे आहात, तुम्हीच सांगा.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तो जपून ठेवावा, सध्या लागतो आहे.

आपली धाकटी,
दिपमाला

नरडाणा
दि. ९ जानेवारी

चि. दिपमाला हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी हरभऱ्यात जाऊन बसलो. तासभर एकाच घाट्याकडे, एकाच शेंगेकडे बघायचं ठरवलं. चिमणी उडाली, पाहिलं. पान हललं, पाहिलं. बावन्न वेळा नजर सुटली. हे डोळ्यांना कुणी शिकवलं असेल? पिकात साप हलला आणि ज्यांनी तिकडे पाहिलं नाही, त्यांचा वंश पुढे चाललाच नसणार. आपण घाबरटांची औलाद आहोत, अभिमान बाळग.

तुझी वहिनी म्हणते, बठ्ठा नजरना खेळ शे, घुबडावर टिकली चिकटव. सगळा नजरेचाच खेळ, हे मला पटलं.

लोभ करण्यात आम्ही कंजूष नाही.

तुझा,
नवलभाऊ

मेहरूण
दि. २० जानेवारी

ती. नवलभाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

टिकली लावली, मरून रंगाची, सगळ्यांत मोठी. बावीस मिनिटांत पेपर संपवला आणि दोन गुणांनी नापास झाले. आमच्या शाळेतल्या ज्योतीने टिकली उचलून पाहिलं, तर घुबड पंख हलवून सांगत होतं की पाच प्रश्न सोडवायचे राहिलेत. वहिनींना हे जरा बेताने सांगा.

आता शेवटची संधी, १ फेब्रुवारी. नाहीतर खुर्ची रतिलाल सरांची, ज्यांना फळ्यावर सरळ रेघ मारता येत नाही.

ज्योतीने सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरची हालचालच बंद केली. सरावाच्या पेपरात घुबड आता हार घातलेल्या फोटोसारखं बसून असतं, राहिलेले प्रश्न शेजारी नुसते आकड्यात दिसतात. पण गंमत बघा, पडदा गप्प झाला आणि डोक्यातला गोंगाट दुप्पट! त्याचं सेटिंग कुठे असतं?

उत्तर लवकर यावं, लोभ मागाहून आला तरी चालेल.

दिपमाला

नरडाणा
दि. २५ जानेवारी

चि. दिपमाला हीस,
अ. उ. आ.

पुन्हा हरभऱ्यात बसलो. चिमणीला हुसकावलं तर दोन आल्या. मग मनात नुसतं 'चिमणी' म्हटलं आणि घाट्याकडे वळलो, तर ती आपली आपण गेली. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा.

शेजारी कोरा कागद ठेव. विचार आला की एका शब्दात टिपायचा आणि प्रश्नाकडे परत यायचं. कागद मला पाठव, त्या काळज्या मी इथे सवडीने करेन. वहिनी अपराध्यासारखी बसून आहे, तेवढं पास हो.

लोभ दुप्पट पाठवतो आहे.

नवलभाऊ

मेहरूण
दि. २ फेब्रुवारी

ती. नवलभाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

कागद सोबत जोडला आहे. सतरा काळज्या आहेत. आठवी तुमच्या सिगारेटची, रागावू नका.

शेवटचं बटण दाबलं, एक बारीक ओळ आली आणि सगळं निश्चल. मी न वाचताच मान खाली घातली. रडूही आलं, खोटं कशाला बोलू. ज्योतीने वाकून ओळ वाचली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. उत्तीर्ण! पास झालेल्यांसाठी फुगे उडतात, घुबड नाचतं म्हणे. माझ्याकडे कसलं नाचतंय, आम्हीच ते बंद केलेलं.

मग ज्योतीला हालचाल पुन्हा सुरू करायला लावली. भाऊ, ते घुबड काय नाचलं! सात वेळा पाहिलं. आठव्या वेळी रतिलाल सर मागे येऊन उभे होते. त्यांना म्हटलं, उभे का, बसून बघा.

वहिनींना साष्टांग. लोभ आता हक्काने मागते आहे.

आपली,
दिपमाला