पापणीवरचे पिवळे डाग

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर पाहून पाकीट फाडू नकोस, एवढं वाच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता कोपऱ्यातलं जळमटही तिला दिसतं, आणि मग माझी धडगत नसते. मी अजून चष्म्याच्याच दुकानात काचा बसवते.

तिथल्याच आरशात मार्चमध्ये मला माझ्या पापण्यांवर पिवळट डाग दिसले. नाकाच्या बाजूला, मसुरीएवढे. बाबांनाही होते, आठवतं? आई म्हणायची, झोप पुरत नाही म्हणून. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे साठ! डाग त्याचेच. "शंभरच्या आत हवं," बाई म्हणाल्या. "गोळी सुरू करा. रोज, कायमची."

जन्माची गोळी मला नको होती. म्हटलं, तीन महिने द्या. तळलेलं बंद, साय बंद, रोज तासभर चालणं. वजन पाच किलोंनी उतरलं. पुन्हा तपासलं, तर दोनशे अडतीस.

"मेहनत वाया गेली नाही," बाई म्हणाल्या, "पण हे नुसतं खाण्यातून आलेलं नाही, रक्तातून आलंय. वडील कशाने गेले?"

"हार्ट अटॅकने. शेहेचाळिसाव्या वर्षी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सख्खे भाऊ-बहीण?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

हो, असं म्हणाले मी.

बाबा गेले त्या सकाळी तू घर सोडून जातो म्हणून बाबांशी भांडलास आणि दुपारी ते कोसळले. उंबऱ्यात, सगळ्यांदेखत मी ओरडले, "तू मारलंस त्यांना." तू तसाच निघून गेलास. एकवीस वर्षं मी ते वाक्य सोडलं नाही. माझ्या भीतीने आईनेही तुझं नाव घेणं टाकलं. आणि आता बाई सांगत होत्या, बाबांच्या आत हे कोलेस्टेरॉल लहानपणापासून साचत असणार. तुला कळवायचं तर माझा शब्द मलाच गिळावा लागणार होता. गोळीपेक्षा तो कडू. म्हणून औषधाची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली आणि पाच महिने तोंड शिवून बसले.

गेल्या आठवड्यात आईने मला भीतभीत विचारलं, "धाकटा आता कितीचा गं?"

"त्रेचाळीसचा," म्हटलं, आणि बाबांचं शेहेचाळीस आठवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर सगळं ओकले. त्यांनी चांगलंच झापलं. "पाच महिने? अहो, त्यांनाही हे असण्याची निम्मी शक्यता आहे. कळवा आधी!" त्याच दिवशी मी गोळी सुरू केली. तिने पाय दुखतात म्हणे. माझे अजून तरी नाहीत. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त देणार आहे.

तू तपासून घे. तुला पोरगी आहे हे नातेवाइकांकडून कळलं, तुझा पत्ताही त्यांनीच दिला; तिचंही रक्त तपासून घे, लहान आहे म्हणून सोडू नकोस. माझे दोन्ही रिपोर्ट सोबत आहेत, तुझ्या डॉक्टरांना दाखव. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण जा.

काल आईसमोर बसून सगळं कबूल केलं. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मला काय सांगतेस? त्याला सांग."

तर सांगते. तू बाबांना मारलं नाहीस.

म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझी
ताई