दाढेचं दुखणं

मंगळवार, संध्याकाळ. लातूर.

ह्यांची दाढ दुखून राहिली होती, म्हणून सकाळी अहमदपुरात दाताच्या डॉक्टरकडं गेलो. तपासली तर दाढेत काहीच दोष निघाला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "चालताना जास्त दुखतं का?"

"हाव, जिना चढलो की लई."

लगेच ईसीजी काढायला पाठवलं. हार्ट अटॅक! छातीत कळ नाही, नुसती दाढ. मला कसं कळावं?

दुपारी इथं लातूरच्या दवाखान्यात आणून स्टेंट बसवला. हे बरे आहेत, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. सासरेही असेच अचानक गेले. शुगर, तंबाखू, सगळं तेच. आणि धाकटे दीर बाहेर तंबाखू मळत उभे!

"भाऊजी, तुमचीबी तपासणी करू."

"मला काय झालंय, वैनी?"

"सकाळपर्यंत ह्यांनाबी काही झालं नव्हतं."

त्यांनी हातातली तंबाखू झटकून टाकली. मग आत आले. तपासणीला रक्त दिलंय. रिपोर्ट यायचाय.