डबा संपतोय कुणाच्या पोटात

१२ जानेवारी, रविवार
डबा आला! पेणच्या बालडॉक्टरणीने लिहून दिला. नातू अफान आठव्या महिन्यातच बाहेर आला, सून सुमय्याला दूध पुरेसं उतरत नाही — म्हणून वरचं, भुकटीचं दूध. आमची सून डबा असा कवटाळून बसली जसा माहेरचा आहेर.

डॉक्टरीण काल शाळा सुटल्यासारखी पोरगी. मला समजावते — "आजी, यात न्यूक्लिओटाइड आहेत. आईच्या दुधात असतातच, इथे वरून घातलेत. शरीरात नवी पेशी घडवायची तर ते लागतात. आतड्याचं अस्तर, आजाराशी लढणाऱ्या पेशी — या भराभर बनतात, त्यांना जास्त. शरीर स्वतःही बनवतं, पण तुमचा नातू घाईत आलाय. बाहेरून मिळाले तर मदत."

मी विचारलं, आईच्या दुधातली वस्तू डब्यात कुठून आली? कुणाच्या आईची? तर हसली. म्हणे, खमिरापासून काढतात.

हसण्यासारखं काय होतं?

१३ जानेवारी, सोमवार
खमीर! ज्याने ताडी आंबते ते! कुवेतला नोमानला फोन लावला. लेक म्हणतो, "अम्मी, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं काय?" कळतं. तुला डब्याशिवाय वाढवला, उंटासारखा झालास.

सुमय्या चूल पुसता पुसता — "अम्मी, तुम्ही रोज चहात पाव बुडवता. तो काय खमिराशिवाय फुगतो?"

पाव मी खाते. माझे दात पडून झाले. त्याचे अजून यायचेत.

डबा बंद, सांगून टाकलं. "बरं," म्हणाली. इतक्या लवकर बरं म्हणणारी सून मी अजून बघितली नाही.

१८ जानेवारी, शनिवार
डबा फळीवर जागच्या जागी. सहज झाकण काढलं — कमी झालाय!

अफानचं तोंड हुंगलं. त्या भुकटीला शिळ्या खव्यासारखा वास येतो, मी ओळखते. पोराच्या तोंडाला नाही. आणि पोर तर भरतंय. अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढलं, गाल वर आले.

मग हा पितो काय? आणि डबा जातोय कुठे?

२० जानेवारी, सोमवार
दुपार झाली की सुमय्या अफानला उचलून वैशालीकडे. दोन घरं सोडून. वैशालीलाही तान्ही मुलगी आहे. "टोपरं शिवायला शिकते, अम्मी." इतकी शिकली, एक टोपरं डोक्यावर दिसलं नाही. पिशवीत सुई-दोरा असतो म्हणे. सुई-दोऱ्याची पिशवी एवढी फुगते?

२२ जानेवारी, बुधवार
गेले मागोमाग. दार नुसतं लोटलेलं. ढकललं.

वैशालीने अफानला छातीशी घेतलेलं. आणि आमची सुमय्या वैशालीच्या मुलीला मांडीवर घेऊन — बाटली पाजतेय. डब्याची!

वैशाली म्हणाली, "दोघांना पुरत नाय ओ चाची. माझी पोर धडधाकट हाय, डबा बाधला नाय तिला. अफान नाजूक. तुम्ही डबा देऊ देत नाय, मग काय उपाशी ठेवायचा?"

आमच्यात जिचं दूध प्यायलं ती दूधमाय. तिची लेक याची बहीण — मरेपर्यंत. निकाह होत नाही, एवढं सख्खं नातं. असलं नातं जोडून बसल्या आणि घरातल्या म्हातारीला विचारलं नाही! ओरडले मी. काय काय बोलले ते लिहीत नाही. आळीभर गेलं. वैशालीची सासू बायजा वालाच्या शेंगांची पाटी घेऊन शेतावरून येत होती, तिनेही ऐकलं.

बायजाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

२३ जानेवारी, गुरुवार
बायजा आमच्या ओट्याखाली उभी राहून — "माझ्या नातीच्या तोंडचं काढून तुझ्या नातवाला! आन् वर शिव्यापण आमच्याच सुनेला? भारीच हायस गो अनीसा!"

ओट्यावरून उठून आत गेले. मी!

वैशालीला तिने माहेरी धाडली, खांब गावाला. मुलीसकट.

२४ जानेवारी, शुक्रवार
डबा मीच उतरवला. पाणी मीच उकळलं. खमीर तर खमीर.

अफान बाटली तोंडात घेईना. जिभेने बाहेर ढकलतो. वाटी-चमच्याने घातलं, अर्धं गळ्यावरून ओघळलं. त्याला आता छातीची सवय, आणि सुमय्याचं दूध आणखी आटलंय.

२५ जानेवारी, शनिवार
तेच.

२६ जानेवारी, रविवार
लंगोट फारसा ओला होत नाही. रडण्यात जोर नाही. रस्त्यावरून शाळेची पोरं झेंडे घेऊन ओरडत गेली, तरी दचकला नाही. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत नीट प्यायला नाही तर लगेच घेऊन या, ॲडमिट करू."

सुमय्या पोराला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलीय. भांडली असती तर बरं होतं.

बुरखा चढवला. रिक्षावाल्याला सांगितलं, आधी खांब. नाही जमलं तर तसंच पुढे पेण. सुमय्या डबा पिशवीत घालून शेजारी बसली. मी नको म्हटलं नाही.

२६ जानेवारी, संध्याकाळ
दार वैशालीनेच उघडलं. काय बोलायचं ते वाटभर जुळवत आले होते. नुसतं पोराला पुढे केलं.

तिने अफानला घेतलं. तो छातीला लागला. सुमय्याने बाटली केली. वैशालीने आपली मुलगी माझ्या मांडीवर ठेवली, बाटली माझ्या हातात दिली.

"धरा चाची. मान जरा वर ठेवा तिची."

धरली.