सही न केलेला देश

पांढुर्णा, गुरुवार संध्याकाळ

आज बी.ए.च्या वर्गात आक्रमणाचा गुन्हा शिकवला. नेत्यांनी दुसऱ्या देशावर बेकायदा युद्ध लादलं, तर आंतरराष्ट्रीय न्यायालय त्यांना कधी पकडू शकतं, एवढाच धडा. तास संपल्यावर बोरगावची सुषमा थांबली. तिचा भाऊ परदेशात गवंडीकाम करायचा. तिथं झालेल्या हल्ल्यात त्याचा उजवा हात गेला.

"मॅडम, हल्ला करणाऱ्या देशानं त्या कोर्टाच्या करारावर सहीच केली नसंन तं?"

"तर या गुन्ह्याचा खटला चालत नाही. सुरक्षा परिषदेनं प्रकरण पाठवलं तरच."

"म्हणजे मारणाऱ्यालेच विचारून कोर्ट भरते?"

मी हो म्हणाले. उत्तर बरोबर होतं, तिनं वहीत उतरवूनही घेतलं. पण मला ते इतक्या सहज कसं सांगता आलं? सही नाही, म्हणून खटला नाही. परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळतात.

मग ती म्हणाली, "दादा रोज विचारून राहिला, केस कधी लागन. त्याले काय सांगू?"

"रविवारी मी येते. मीच समजावून सांगीन."

सुषमानं वही पिशवीत टाकली. "नका येऊ मॅडम. तुम्ही आल्या तं त्याले वाटन, केस लागली."