माझ्या आवाजाने पडलेला भाव

प्रिय सबा,

आपण छोटे धंदेवाले. हातभर पाटी, एक शटर, दोन-तीन माणसं. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच: आपला भाव ठरतो, पण आपल्याला विचारून नाही. हे वाक्य मी सभेत म्हटलं की टाळ्या पडतात. आज टाळ्या नकोत. तू ज्या कर्ज कंपनीच्या जाहिराती करतेस, तिच्यासाठी तू माझं राजूरच्या सभेतलं भाषण वापरायला मागितलंस, वर पैसेही देऊ केलेस, आणि मी आठवडाभर गप्प राहिले. मी आणि गप्प! तेवढ्यावरून तरी तुला शंका यायला हवी होती.

दुपारची वीज गेली आहे. बियाण्यांच्या थैल्या शिवणारी यंत्रं थांबली, की दुकानात कापडाची बारीक लव उन्हात तरंगत राहते. खाली बसायचं तिच्या मनातच नसतं. त्या तरंगण्याकडे पाहता पाहता मला भोकरदनचा जनावरांचा बाजार दिसायला लागतो. तुझे अब्बा, जनावरांचे दलाल, आपले निजामोद्दीनचाचा, आणि एखादं गिऱ्हाईक. दोघांचे हात एका रुमालाखाली, आत बोटं दाबून भाव चाललेला, आणि बाहेर दोघांचे चेहरे देवळातल्यासारखे शांत. आपण वाकून बघायला गेलो की चाचा म्हणायचे, "रुमाल के अंदर सिर्फ दो लोग, बेटा. तुम बकरी देखो." बकरी रवंथ करत असायची. तिच्यावर काय चाललंय, याचा तिला पत्ताच नाही. पण सौदा पक्का करण्याआधी चाचा बकरीच्या मालकाला, म्हणजे माझ्या आबांना, बाजूला घेऊन आकडा सांगायचे. मालकाला कळल्याशिवाय त्यांनी कधी रुमाल घडी केला नाही.

नोकरी-धंद्याच्या ओळखी जोडणारी ती साईट, जिथे तू जाहिराती लावतेस, कशी चालते, ते तू फोनवर फार छान समजावलंस. कोणी साईट उघडली, की त्याच क्षणी बोली लागते: याच्यापुढे जाहिरात कोणाची? छोट्या धंद्याच्या मालकामागे बँकाही लागलेल्या, विमावालेही, हिशेबाची सॉफ्टवेअर विकणारेही. म्हणून तो महाग. राजूरच्या देवळापाशी पेढ्यांचे खोके बनवणाऱ्या उषाबाईचं खातं तिच्या मुलीने उघडलं आणि हुद्द्याच्या जागी लिहिलं, 'संस्थापक'. उषाबाई दोन दिवस पदर सावरून बसली होती. तू हसून म्हणालीस, त्या एका शब्दाने बाईचा भाव चढला. मीही हसले. मग तू सहज पुढचं बोललीस. साईट नुसती बोली बघत नाही, लोक कोणत्या जाहिरातीपाशी थांबतील तेही बघते. लोक थांबणार असतील तर कमी बोलीतही जागा मिळते. माझ्या आवाजापाशी आपली माणसं थांबतात, म्हणून तुला मी हवी.

तेव्हापासून एकच स्वप्न पडतं. जालन्याच्या स्टेशनपासून राजूरच्या टेकडीपर्यंत पांढरं कापड पसरलंय. खाली सगळी दुकानं उघडी, माणसं आपापल्या कामात, आणि कापडाच्या आतून लाटांसारखी बोटं हलतायत. मी उंचावर उभी राहून ओरडते, पण तोंडातून शब्द निघत नाहीत, कापड निघतं. वार वार, मऊ, संपतच नाही. ते माझंच कापड माझ्या माणसांवर पसरत जातं, आणि कोणी वर बघत नाही. फार सुंदर दिसतं ते, सबा. भीती वाटते ती त्याचीच.

मी आवाज दिला की माझीच माणसं स्वस्तात मिळतात. इतकं साधं आहे हे. तुझ्या पैशांत नवीन यंत्र आलं असतं, हे खोटं कशाला बोलू? माझं उत्तर नाही असंच आहे. पण नुसतं नाही म्हणायला मी पानभर लिहिलं नसतं.

आज सकाळी उषाबाई खोके घेऊन जालन्याला आली, ती थेट माझ्या दुकानात. "रेणूताई, तुमी मोबाईलात बोलून राह्यल्या ना, घाबरू नका, धंदा वाढवा म्हणून? मंग म्या बी नंबर देऊन टाकला. तुमी म्हन्ल्यावर बराबरच असन!" तिने मोबाईलवर जाहिरात दाखवली. माझा चेहरा, माझा आवाज. 'वाचल्याशिवाय सही करू नका' हे माझं पुढचं वाक्य मात्र कापलेलं. तू माझ्या उत्तरासाठी थांबलीच नाहीस. शनिवारी कर्ज कंपनीचा माणूस तिच्या दुकानात सही घ्यायला येणार आहे. तिथे मी उभी राहीन, तिला अडवीन. पण आणखी कोणी कोणी माझ्यावर विश्वास ठेवून नंबर दिला, ते मला दिसत नाही. फोन केला असता तर मी भांडले असते आणि तू ठेवून दिला असतास, म्हणून या पानाचा फोटो काढून पाठवते आहे. वाचून होताच, मला काही लिहिण्याआधी, ती जाहिरात बंद कर.

अजूनही तुझीच,
रेणू