हत्तीचा चौथा पाय

१४ ऑक्टोबर, मंगळवार. व्हाइटफील्ड, बंगळुरू

आत्याने ज्याच्यावर गोष्टींचं पुस्तक लिहिलं, तो आमच्या घरातला लाकडी हत्ती शेवटी सावंतवाडीला जाणार. तिथल्या वाचनालयाने मागितला आणि बाबा फोनवर हो म्हणून बसले. हत्ती तिथल्या कारागिराने घडवला, हे खरं. पण आत्याने सगळ्या गोष्टी इथे, मला भरवताना रचल्या. मग त्याचं घर कुठलं? विचारायला आता आत्या नाही.

त्याचा चौथा पाय तर इथलाच. जुना तुटला तेव्हा मी ऑफिसच्या थ्रीडी प्रिंटरवर करून बसवला. वाचनालय म्हणतं, तो मूळचा नाही, तेवढा काढून हत्ती पाठवा.

यंदा दसऱ्याला इथल्या रीतीने बाहुल्या मांडल्या, तेव्हा शेजारच्या अक्कांनी "आने एल्ली?", हत्ती कुठाय, म्हणत आधी त्यालाच शोधलं. आज बाबांना विचारलं, "पुढच्या वर्षी त्यांना काय सांगणार?"

"माहेरी गेलाय म्हणून सांगू."

"माहेरी गेलेलं माणूस परत येतं, बाबा."

ते खोकं आणायला उठले.

मघाशी पाय काढला. हत्ती खोक्यात आडवा ठेवलाय, कारण आता तो उभा राहत नाही. पाय तेवढा माझ्या टेबलावर सरळ उभा आहे. माप अगदी बरोबर घेतलं होतं मी.